रांगेतली तिची जागा

पत्रक लिहायचं तर पहिल्या ओळीत आरोपी सांगायचा, असं मला शिकवलंय. वाचणारा टपरीवर एका हातात चहा घेऊन उभा असतो, त्याला दम नसतो. दोष कुणाचा ते आधी सांगा, पुरावा मागून द्या. तर इथं आरोपी मी आहे. पुरावा देते.

गेल्या महिन्यात आमच्या संघटनेच्या बैठकीत एक विषय आला. लातूरकडून नांदेडला येताना शहराच्या अलीकडे एक वॉटर पार्क लागतं. त्यात बर्फघर आहे. बंद खोली, आत मशीनचा बर्फ, अंगावर चढवायला भाड्याचे कोट आणि गमबूट. एप्रिल-मेमध्ये त्याच्यापुढं जी रांग लागते ती पाहिली की टँकरपुढची रांग बरी वाटते. आता पार्कवाल्यांनी दुप्पट तिकिटात वेगळी छोटी रांग काढली. ज्याच्या खिशात पैसा तो पुढं, बाकीचे लेकरं घेऊन उन्हात. आमचे कार्यकर्ते चिडले, आणि चिडायलाच पाहिजे. दवाखान्यातली केसपेपरची रांग असो की कॉलेजातली फीची खिडकी, या विषयावरचं पत्रक मीच लिहिते. "रांग मोडणं ही चोरीच, फक्त चोरलेली वस्तू दिसत नाही" हे वाक्य माझं. शहरातल्या दोन भिंतींवर ते अजून आहे. कागद माझ्यापुढं सरकवला गेला. मी पेन उघडलं आणि एक ओळ लिहिता येईना. डोकं दुखतंय म्हणून उठून आले. डोकं दुखत नव्हतं. त्या बर्फघरापुढची रांग मी स्वतः मोडलेली आहे. पैसे देऊन मोडली असती तरी परवडलं असतं.

मी हदगावकडची. वडील शाळेवर मास्तर. दहावीला मार्क बरे पडले आणि घरात दुसऱ्या दिवसापासून एकच शब्द ऐकू यायला लागला, लातूर. तेव्हा आमच्या भागातून एसटी भरभरून पोरं तिकडं जात होती. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, खांबाखांबावर मेसच्या चिठ्ठ्या. घरमालकांनी वरची अडगळीची खोलीसुद्धा रिकामी करून कॉट बेसिसवर पोरी ठेवल्या होत्या. माझ्या खोलीत दोन कॉट होत्या. एक माझी, एक तिची.

तिचं नाव इथं येणार नाही. मी ते एकदा वापरलंय, तेवढं पुष्कळ झालं.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं ते दाराजवळच्या कॉटवरून. वारा तिथं यायचा म्हणून ती कॉट मला पाहिजे होती. ती माझ्या आधी येऊन बसली होती आणि हलायला तयार नव्हती. मी विचारलं, सातबारा तुझ्या नावावर हाय का. तिनं पेटी कॉटखाली सरकवली आणि चादर घातली. क्लासातही तिची तीच तऱ्हा. आमच्याकडे टेस्टच्या मार्कांवर बाक मिळायचं, पहिल्या दहांना पहिली रांग. ती दहात यायची, पण सरांना जाऊन सांगायची, मला मागं दाराजवळच असू द्या, फळा दिसतो. पोरी म्हणायच्या, लई भाव खाती. मीही म्हटलं असेन. नाही, म्हटलंच.

महिनाभरानं तिनं मला सांगितलं. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालून राहिलो होतो. तिनं माझ्याकडं न बघता, ओढणी झटकता झटकता सांगितलं. तिचं गाव किल्लारीच्या पलीकडं. त्र्याण्णवला ती दुसरीत होती.

"आम्ही दाराजवळ झोपलेलो, ते निघालो," ती म्हणाली. "आतल्या खोलीतले न्हाई."

मग बराच वेळ आम्ही चिमटे लावत राहिलो. मी सगळ्या कपड्यांना दोन-दोन लावले. शेवटी ती म्हणाली, "क्लासात सांगू नको. माझे नुसते मार्क दिसू दे."

तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती, पण लातुरात भूकंपग्रस्त हा शब्द म्हणजे पास होता. तहसीलला त्यांचं टेबल वेगळं होतं. दवाखान्यात कुणी म्हणालं की पेशंट भूकंपातला हाय, की लोक बाजूला सरायचे. दाखल्यावर नोकरीत जागा असते, कॉलेजातही मिळते, असं सगळे म्हणायचे, आणि क्लासातली पोरं हे दात-ओठ खाऊन म्हणायची. "आपण वर्षभर घासायची, त्यांचं काय, घर पडलं की सीट." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, तिनंही ऐकलेलं आहे, मागच्या बाकावर बसून. तिच्या वडिलांनी दाखला काढून ठेवला होता. तो तिच्या पेटीत तळाला होता. तिला तो वापरायचा नव्हता. एवढंच तिचं म्हणणं. कुणी तिच्या मार्कांकडं बघताना मध्ये घर पडलेलं दिसू नये.

मी तिला शब्द दिला. आणि मी काही चहाडखोर नव्हते, उलट क्लासात माझी ओळख भांडणारी म्हणून होती. मेसची भाजी पातळ झाली की मला पुढं करायचे. नळाला पाणी नाही आलं की घरमालकाकडं मला धाडायचे. पोरं मला 'भाषण' म्हणायची. भाषण आलं, भाषण गेलं. मला ते आवडायचं.

अकरावीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात क्लासनं सहल काढली, त्याच पार्कात. पहाटे लातुरातून बस निघाली. अहमदपूर, लोहा करत दहाला आम्ही पार्काच्या गेटवर होतो. दुपारी तीनला परतीची बस, कारण संध्याकाळी सातला टेस्ट. सहलीच्या दिवशीसुद्धा टेस्ट. लातूरची सहल ती.

पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा हौद, हे सगळं होतंच, पण पोरांना ओढ होती बर्फघराची. ज्यांनी फ्रीजसुद्धा सासरी गेलेल्या बहिणीकडंच बघितला होता, त्यांना आख्खी बर्फाची खोली. एका खेपेला पंचवीस माणसं आत, दहा मिनिटांनी मागच्या दारानं बाहेर. मग पुढचे पंचवीस. आम्ही चोवीस होतो आणि एक सर. जणू आमच्या मापानंच केलेलं.

अकराच्या सुमाराला ती मला म्हणाली, आत्ताच डबे खाऊन घेऊ. एक वाजता सगळी घरं सतरंज्या टाकून जेवायला बसतील, तवा रांग सरंल, तवाच लागायचं. मी हसले. अकराला कोण जेवतं गं? पण तिला रांगांची माहिती होती. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली पोरगी ती. पाण्याच्या टँकरची रांग, घोंगड्यांची रांग, रॉकेलची रांग. एकदा तिनं मला सांगितलं होतं की रांगेत कधीही मधली जागा धरावी. पहिल्याला धक्के बसतात, शेवटच्याची पिशवी रिकामी राहते. हे ती विनोद म्हणून सांगायची.

मी तिचं ऐकलं नाही, बाकीच्यांना सांगितलंही नाही. आम्ही सगळ्यांसारखेच एकला जेवलो, पोळ्या-ठेचा खाऊन सुस्तावलो, आणि पावणेदोनला बर्फघराकडं गेलो तर रांग लिंबाच्या झाडाला वळसा घालून पार तिकीटघरापर्यंत. गेटवाल्यानं सांगितलं, दीड तास तरी. आमची बस तीनला.

ती खरं तर आत येणारच नव्हती. सकाळपासून म्हणत होती, मी बाहेर तुमच्या चपला सांभाळते. पण रांग बघून ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "एवढी मोठी हाय तर थांबते. तोवर ठरवते." मी विचारलं, काय ठरवतीस. तिनं बर्फघराच्या मागच्या अंगाला बोट केलं. तिथं दुसरं दार होतं, बाहेर पडायचं. "चार खेपा बघते. चारी बारीला ते दार उघडलं तर येते."

मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. म्हणजे तिला ती रांग पाहिजे होती. आम्हा सगळ्यांना जी अडचण वाटत होती, त्यात ती स्वतःला तयार करून राहिली होती. पहिली खेप बाहेर आली, मागचं दार उघडलं, लोक कोट झटकत हसत निघाले. तिनं माझ्या हाताला बोटानं टोचलं. एक. तिच्या चेहऱ्यावर उलट थोडं हसू होतं. आठ-नऊ वर्षांत ती पहिल्यांदा आपणहून एखाद्या बंद खोलीत जाणार होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

दुसरी खेप बाहेर आली. दोन.

तेवढ्यात मागून पोरं माझ्या नावानं ओरडायला लागली. सव्वादोन वाजले होते. सर घड्याळ बघत होते, म्हणाले, आता नाही होत, चला, बसकडं निघू. पोरं म्हणाली, ए भाषण, जाऊन बोल की. मेसवाल्याला वाकवलंस, ह्याला न्हाई वाकवता येत का?

मी निघाले. गेटवाला उदगीरकडचा असावा, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. वयस्कर माणूस, डोक्यावर पार्काची निळी टोपी, हातात दोरी. मी आधी सांगितलं, आम्ही विद्यार्थी आहोत, टेस्ट आहे. तो म्हणाला, सब विद्यार्थी हैं बेटी, रांग है. मी सांगितलं, लांबून आलोय, लातूरहून. तो म्हणाला, ये लोगां किनवट से आए. हसत होता तो. रांगेतले पुढचे लोकही हसले. एक बाई खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन उभी होती, तासाभरापासून उभी आहे म्हणाली, आमीबी काय मजेनं उबं न्हाई, बाई.

मला हसलेलं खपत नाही. तेव्हाही खपत नव्हतं. मागं चोवीस जण माझ्याकडं बघून राहिले होते, आणि माझ्याकडं आता काहीच उरलं नव्हतं. एक सोडून.

मी वळले आणि बोट केलं. नाव घेतलं नाही, बोट केलं.

"ती मुलगी भूकंपग्रस्त आहे," मी म्हणाले. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता. "घर गेलंय तिचं. माणसं गेलीत. तिला दीड तास उन्हात उभं करणार का तुम्ही?"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. मी खोटं चिडले नव्हते. हे बोलताना मला खरोखर राग आला होता.  मला खरंच वाटलं की हा माणूस, हे पार्क, ही रांग, सगळे मिळून तिच्यावर अन्याय करून राहिलेत. दोन मिनिटांपूर्वी ती तिथं आनंदानं उभी होती हे मी विसरले. राग आला की आपण खरं बोलतोय असं वाटतं. त्यानंतर मी शेकडो पत्रकं लिहिली, आणि प्रत्येक वेळी राग आला की मी एकदा मागं वळून बघते, मी कुणाकडं बोट केलंय ते.

गेटवाल्याचं हसू गेलं. त्यानं टोपी काढली. तिच्याकडं बघून विचारलं, कोनचं गाव, बेटी. ती जागेवरूनच गावाचं नाव बोलली, इतकं हळू की ओठांवरून कळलं. तो म्हणाला, "मी आलतो तिथं. ट्रक घेऊन." त्यानं टोपी परत घातली. दोरी वर केली.

आणि रांग बाजूला सरली. कुणी कुरकुर केली नाही. मला वाटलं होतं भांडण होईल, मी भांडायला तयार होते. तसं काहीच झालं नाही. माणसं एक-एक पाऊल मागं झाली, मधून वाट झाली, आणि त्या वाटेनं आमचा आख्खा क्लास बघत-बघत पुढं गेला. ती सगळ्यात शेवटी होती, पण लोकांनी तिलाच पुढं केलं. ज्या बाईच्या खांद्यावर लेकरू होतं तिनं मोकळ्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा माय, जा तू." ती बाई आमच्या पंचवीस जणांच्या मागं राहिली, तिच्या लेकरासकट, आणि तिनंच आशीर्वाद दिला.

तिसरी खेप बाहेर येताना तिला बघायला मिळाली नाही, कारण आम्हाला तोवर कोट घालून पुढच्या दारात उभं केलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी म्हटलं, चल ना, दहाच मिनिटं. ती आली. एवढ्या लोकांनी वाट करून दिल्यावर ती काय मागं फिरणार होती?

आत धूर होता, मशीनचा घरघराट होता, आणि दार लागल्यावर मोठा कडीचा आवाज झाला. पोरं किंचाळून बर्फ फेकायला लागली. बर्फ म्हणजे खरवडलेला बर्फाचा चुरा, पण कुणाला तक्रार नव्हती. मीही दोन मुठी फेकल्या. मग ती दिसली. ती मागच्या दाराला पाठ लावून उभी होती, एक हात मागं दाराच्या फटीवर, आणि नजर वर छताकडं. छत थर्माकोलचं होतं. ती त्याच्याकडं अशी बघत होती की जणू ते तिच्या डोळ्यांनीच तोलून धरलंय. मी जवळ जाऊन तिचा दंड धरला तर तिनं तो काढून घेतला. मिनिट-दोन मिनिटं झाली असतील. ती वळली आणि दोन्ही तळहातांनी दार वाजवायला लागली. ओरडली नाही. नुसतं दार वाजवलं.

बाहेरच्या माणसानं दार उघडलं. ऊन आत आलं. पोरांनी आरडाओरडा केला की बर्फ विरघळतोय, दार लावा. सर मोठ्यानं म्हणाले, "गप बसा रे. भूकंपग्रस्त आहे ती, सांभाळून घ्या." त्यांचा हेतू चांगला होता. माझाही होता असं मी बराच काळ म्हणत आले.

बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दाराजवळ बसली. मी तिच्या शेजारी बसायला गेले तर तिथं तिनं पिशवी ठेवली होती. लोहा मागं पडल्यावर मागून एक पोरगा म्हणाला, आजची रांग मस्त सुटली, आता मेडिकलची बी अशीच सुटंल काय गं? थोडे हसले, थोडे गप बसले. हसणाऱ्यांना मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. नळाला पाणी नाही आलं की बोलणारी मी, त्या बसमध्ये लोह्यापासून लातूरपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

संध्याकाळी टेस्ट झाली. तीन दिवसांनी मार्क लागले आणि ती पहिली होती. आख्ख्या क्लासात पहिली. फळ्यापाशी उभं राहून एक पोरगी म्हणाली, हिला एवढं घासायची काय गरज, हिची तर सीट पक्की हाय. ती पोरगी वाईट नव्हती. जे ऐकलं त्याचा हिशोब लावत होती.

खोलीवर तिनं मला एवढंच सांगितलं, तेही वह्या आवरताना.

"दोनच खेपा बघितल्या होत्या मी."

मी माफी मागितली. ती नुसतं 'हो' म्हणाली. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी याला चूक म्हटलं असतं. जूनमध्ये नव्या बॅचसाठी क्लासचं पत्रक छापायचं होतं. सरांनी मला बोलावलं. तू चांगलं बोलतेस, लिहीतही असशील, म्हणाले. तिचा फोटो टाकायचा ठरलंय, टेस्टमध्ये पहिली आली आहे, तिच्याबद्दल दोन ओळी पाहिजेत, काळजाला भिडणाऱ्या. मी त्यांना म्हणू शकले असते की तिला विचारा. किंवा नुसते मार्क लिहा. तिला तेच पाहिजे होतं, मला माहीत होतं. मी वही घेऊन एक तास बसले आणि लिहिलं, "भूकंपानं घर हिरावलं, जिद्द नाही." खाली तिचं नाव, गाव.

ते माझं पहिलं छापलेलं वाक्य. गुलाबी कागदावर आलं. वर्तमानपत्रात घालून घरोघर गेलं. पहिला गठ्ठा आला तेव्हा मी एक प्रत नाकाशी धरली होती, शाईचा वास घेतला होता. लिहिणाऱ्याला हा वास चढतो, आणि मला तो तिच्या जिवावर चढला.

तिनं पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "तूच लिहिलंस ना? चांगलं जमलंय. मी मेल्यावर बी हेच छापा." आणि पुढच्या आठवड्यात तिनं खोली बदलली. दाराजवळची कॉट मोकळी झाली. मी तिच्यावर गेले नाही. नवीन पोरगी आली, तिनं घेतली.

वर्षभरानं बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला. तिचे मार्क माझ्यापेक्षा पुष्कळ वर होते. दाखल्याशिवाय कुठंही नंबर लागेल असे होते. प्रवेशाचे फॉर्म जमा करायचं केंद्र नांदेडला होतं. मी सकाळी नऊला पोहोचले तर रांग व्हरांड्यातून उतरून आवारात आली होती. खिडक्या दोन. एक सगळ्यांची, तिच्यापुढं दीडेकशे माणसं. दुसरी दाखलेवाल्यांची, तिच्यापुढं सात-आठ.

ती मोठ्या रांगेत उभी होती. मागून माणसं येत गेली तशी मधल्या जागेत. माझ्यापुढं चार-पाच माणसं सोडून. एकटीच होती. मला तिनं बघितलं, मान हलवली, पुन्हा समोर बघायला लागली. मला बरं वाटलं. मला वाटलं, मिटलं असेल.

बाराच्या सुमाराला गेटवर आमच्याच क्लासचं पत्रक वाटायला सुरुवात झाली. नव्या वर्षाचं, पण फोटो तोच, ओळ तीच. तेच गुलाबी कागद. ते रांगेतून हातोहात मागं गेले. लोक वारा घ्यायला लागले त्यानं. तिच्या मागं देगलूरकडचे एक काका होते, लेकीचा फॉर्म घेऊन आलेले. त्यांनी कागदाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"ही तूच ना गं बाळ?" त्यांनी विचारलं. आवाजात माया होती. "मग इथं कशाला उन्हात? तुझी रांग तिकडं हाय."

तिनं सांगितलं, मला इथंच थांबायचंय. काकांना वाटलं तिला माहीत नाही, त्यांनी पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. सगळे तिला समजावायला लागले. अगं, हक्क हाय तुझा. लाजायचं कशाला. एक बाई म्हणाली, तू तिकडं गेलीस तर आमचाबी एक नंबर पुढं सरंल. ती जरा थट्टेनंच म्हणाली, पण खरं तेवढंच होतं. कुणीतरी तिच्या खांद्याला धरून, अगदी प्रेमानं, तिला रांगेच्या बाहेर काढलं. मागचे एक पाऊल पुढं सरकले. मीही सरकले. पाय आपोआप सरकतात.

ती छोट्या खिडकीकडं गेली नाही. थोडा वेळ आवारातल्या लिंबाखाली उभी राहिली, फाइल छातीशी धरून. तिच्या जागेवर देगलूरचे काका होते. परत तिथं शिरायचं तर आता तीच घुसणारी ठरली असती. मग ती चालत आली, माझ्याजवळून गेली, आणि रांगेच्या पार शेवटी, गेटपाशी जाऊन उभी राहिली.

मी मागं वळून हाक मारली. म्हटलं, ये, माझ्या पुढं लाग, मी सांगते यांना.

"नको," ती तिथूनच म्हणाली. "तू काय सांगशील ते माहीत हाय मला."

माझ्या मागच्या लोकांनी ऐकलं, पण त्यांना काही कळलं नाही. मला एक करता आलं असतं. मी माझी जागा सोडून तिच्या मागं जाऊन उभी राहू शकले असते, काही न बोलता. दुसऱ्या कुणाला मी नेमकं हेच करायला सांगितलं असतं, पत्रकातून, ठळक अक्षरात.

खिडकी जेवणाला बंद व्हायच्या आत माझा नंबर लागणार होता. पुढं नऊ जण उरले होते. मी ते मोजले, आणि उभी राहिले.